ओल्या गॉझवरून भांडण

आमच्या चीफ सर्जनचं मनगट धरून मी म्हणाले, "सर, थांबा." ऑपरेशन चालू असताना ज्युनिअरनं असं करायचं नसतं, मला ठाऊक होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती.

टेबलावर तांबरमच्या सरस्वती टीचर होत्या. पापणीच्या अगदी काठावर चामखीळ. भूल पापणीपुरतीच, त्यामुळे आमचं सगळं त्यांना ऐकू येत होतं. पापणीचा काठ भाजला तर जखम भरताना आक्रसतो. मग डोळा नीट मिटत नाही, जन्मभर.

नव्वदच्या दशकातलं मद्रास. अण्णा नगरच्या आमच्या हॉस्पिटलात रेडिओवेव्हनं कापायचं मशीन नवंच आलं होतं. जुन्या कॉटरीचं, म्हणजे डाग देण्याच्या यंत्राचं, टोक तापतं आणि जाळतं. ह्याची तार थंडच राहते. लहरींनी पेशीतल्याच पाण्याची वाफ होते, पेशी फुटते, शेजारी आच जेमतेम पोचते. मात्र जागा ओलसर हवी, पॉवर बेताची हवी आणि हात चालता हवा. कोरड्या जागी तार अडकते. अडकली की भाजलंच.

आमच्या सिस्टरना कॉटरीची वीस वर्षांची सवय. दर वेळी कोरड्या गॉझनं टिपून जागा लख्ख करायच्या. तार अडकली की चीफ पॉवर वाढवायचे. मी दोनदा मशीनचं मॅन्युअल चीफच्या केबिनमधल्या टेबलावर ठेवलं, त्यांनी त्यावर कॉफीचा टंबलर ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी! आता पापणीतून जळका वास येत होता.

"मशीनच बोगस आहे," ते म्हणाले. "पॉवर वाढवा."

"मशीन ठीक आहे, सर. जागा वाळलीय. सलाइनचा गॉझ लावू द्या आणि पॉवर खाली घ्या."

"आता तू मला शिकवणार?"

मी तोंड उघडणार, तोच टीचर म्हणाल्या, "डॉक्टर, ती म्हणते तसं करून बघा. डोळा माझा आहे."

चीफनी तारेचं हँडल माझ्या हातात आपटलं. सिस्टरनी गॉझ सलाइननं भिजवला, पॉवर खाली घेतली. तार लोण्यातून जावी तशी गेली.

दोन आठवड्यांनी जखम भरली तेव्हा टीचरचा डोळा पूर्ण मिटत होता. चीफनी त्याचे फोटो कॉन्फरन्समध्ये स्वतःची केस म्हणून दाखवले. मला मेमो मिळाला, थिएटरमधल्या उद्धटपणाबद्दल. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. उत्तरात मी माफी मागितली नाही. पेशंटचा डोळा मिटतो, एवढंच लिहिलं.

नवं मशीन एका दिवसात बसवता येतं. हाताची जुनी खोड मोडायला कुणाला तरी उद्धट व्हावं लागतं.