रश्श्यात बोट बुडवणारे दाजी

दाजी रश्श्यात बोट बुडवून गणित करायचे. उजव्या हाताचं, नख वाढलेलं बोट वाटीत जायचं, बाहेर यायचं, आणि टेबलावरच्या पांढऱ्या रेक्झिनवर तांबडे आकडे उमटायचे. भागाकार लांबला तर बोट पुन्हा वाटीत. उत्तर निघालं की ते बोट चाटायचं आणि त्याच बोटाने भाकरी मोडायची. मी शिवाजी पेठेत खानावळ चालवते. जन्मभर माणसांचं खरकटं काढलंय, उष्ट्याची मला शिसारी नाही. पण दाजींच्या त्या बोटाची होती आणि अजून आहे. माणूस गेला म्हणून किळस जात नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका कॉलेजात गणित शिकवायचे. बहीण गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे. खानावळीत इंजिनिअरिंगची पोरं फार. त्यांच्या कॉलेजात आता टक्के नसतात, पॉइंटर असतो, दहापैकी. दर सहा महिन्यांच्या सेमिस्टरचा एक, आणि सगळ्या सेमिस्टरचा मिळून एक. पोरं मोबाइलवर निकाल घेऊन जेवायला बसायची आणि दाजी त्यांचा पॉइंटर काढून द्यायचे, कोणी विचारलं नसलं तरी. "आण हिकडं," म्हणायचे. मोबाइलच्या काचेवर रश्श्याचं बोट उमटायचं. पोरं तोंड वाकडं करून मोबाइल शर्टाला पुसायची आणि त्यांच्या माघारी त्यांना पॉइंटर सर म्हणायची. दाजींना ते ठाऊक होतं. त्यांना तो मान वाटायचा.

चौथी शिकलेल्या बाईला पॉइंटर काय कळणार, असं कोणाला वाटेल. मला तो दाजींनी माझाच अपमान करून शिकवला. बुधवार होता, मटणाचा दिवस. खानावळ भरलेली, मी घामाने निथळत होते. दाजींनी पहिला भुरका मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिराबाई, आज रस्सा सहा. भाकरी नऊ."

"म्हंजे साडेसात की सर," समोरचा एक पोरगा म्हणाला.

"गाढवा! मुंडकी मोजून भागाकार करू नये. ती निवडणूक झाली, गणित न्हवं." बोट वाटीत गेलं. "रश्श्याला चार क्रेडिट, भाकरीला दोन. माणूस हितं रश्श्यासाठी येतोय. भाकरी काय, घरात बी मिळती. चार सक चोवीस. बे नव्वे अठरा. झालं बेचाळीस. चार आन् दोन सहा क्रेडिट, सहानं भाग. सात. बाईंचा पॉइंटर सात."

"आनि कांदा, सर?"

"कांदा म्हंजे ऑडिट कोर्स. घ्यावाच लागतोय, पर धरत न्हाईत."

सगळी खानावळ हसली. मी म्हटलं, "दाजी, उद्याच्याला तुमच्या ताटात नुसता ऑडिट कोर्सच वाढती." ते ढेकर देऊन म्हणाले, "वाढ की. पर रस्सा सहाच हाय."

सहाच होता. मीठ कमी पडलं होतं. त्या दिवशी रेक्झिन पुसता पुसता मला ते सगळं समजलं. ज्या विषयाचं वजन, म्हणजे क्रेडिट, जास्त, त्याचे गुण तितक्या वेळा धरायचे आणि शेवटी भागायचं तेही त्या वजनानेच. एवढंच आहे ते. एवढ्यासाठी आईबाप पोरांची रक्तं आटवतात.

बाहेर नेण्यासारखा माणूस नव्हता तो. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, दाजी वडीलधारे म्हणून बसवलेले. मुलाचा मामा छाती फुगवून सांगत होता, "आमचा पोरगा साडेआठ पॉइंटर हाय." पूर्वी पाहुणे जमीन किती ते सांगायचे, आता हे. दाजींनी पोह्यांचा बकाणा भरला होता. त्याच भरल्या तोंडाने विचारलं, "पावणं, ह्यो एका सेमिस्टरचा, का सगळी धरून?" मामाने मुलाकडे बघितलं. मुलाने एकच बरी सेमिस्टर दाखवली होती. सगळी धरून सहाच्या आसपास होता. लग्न झालं, त्याचं काही नाही. पण दाजींच्या तोंडातले पोहे पाहुण्यांच्या धोतरावर उडाले ते मी अजून विसरलेले नाही.

आता सानिकाचं सांगते. सानिका माझी नात, माझ्या मुलाची, दिलीपची मुलगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पुण्याची एक मोठी कंपनी कॉलेजात नोकऱ्या द्यायला येणार होती आणि तिची अट होती, आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरचा मिळून सात पॉइंटर पाहिजे. सातच्या खाली कंपनीच्या परीक्षेलाही बसू देणार नव्हते. आमच्या घरातली महिन्याच्या पगाराची पहिली नोकरी ती असणार होती. दिलीपने सहा सेमिस्टरचे सहा पॉइंटर मांडले, बेरीज केली, सहाने भागली. सात पॉइंट शून्य दोन. पोरगी नाचली. दिलीप बाहेर पळाला.

आमच्या कोल्हापुरात कुत्र्याच्या वाढदिवसालाही डिजिटल बोर्ड लागतो, मग हे तर काय. संध्याकाळपर्यंत तालमीच्या पोरांनी गल्लीच्या तोंडाला बोर्ड चढवला. मधोमध सानिका, खाली हात जोडलेला दिलीप, चहूकडे गॉगल लावलेली, शाळा सोडलेली बारकी टोळी. वर अक्षरं: 'सात पॉइंट शून्य दोन! पेठेची वाघीण निघाली पुण्याला!' अजून अर्जसुद्धा भरला नव्हता. मला त्या बोर्डाची लाज वाटली, पण पोरीचं तोंड बघून भाकऱ्या थापायला बसले.

दाजी जेवायला येताना बोर्डाखाली थांबले. मान वर करून वाचला. खाकरून गटारीत थुंकले. आत आले, बसले, आणि ताट यायच्या आधीच म्हणाले, "आकडा चुकलाय."

"काका, गप जेवा," दिलीप म्हणाला.

"सानिका, सहाव्या सेमिस्टरला तुला किती पडलेत?"

"आठ पॉइंट चार, आजोबा."

"त्या सेमिस्टरला क्रेडिट किती?"

सानिकाला कळलं होतं. हळूच म्हणाली, "चौदा. ट्रेनिंग होतं, विषय कमी होते."

"आनि बाकीच्या सेमिस्टरला?"

"बावीस, चोवीस."

मी वाटी ठेवली आणि बोट त्यात बुडालंच. रेक्झिनभर तांबडे आकडे झाले. भुकेल्या पोरांनी ताटं सरकवून जागा दिली, तमाशा बघायला. जिथे पोरीने कष्ट करून साडेसहा-पावणेसात मिळवले होते त्या सेमिस्टर जड होत्या, आणि जिथे आठच्या वर मिळाले होते ती हलकी. बोट शेवटी थांबलं. सहा पॉइंट ब्याण्णव.

दिलीप उसळला. "काका, कंपनीला काय कळतंय तुमचं क्रेडिट? सगळी पोरं अशीच काढत्यात की! सात शून्य दोन भरायचं, बास."

"भर की," दाजी बोट चाटत म्हणाले. "मी भरू नगा म्हंटलं व्हय? मी उत्तर सांगितलं. फॉर्म तिचा, आकडा तिचा."

"दाजी," मी म्हटलं, "पोरीच्या ताटात माती कालवू नगा. तुमाला रस्सा वाढलाय, तो खावा."

"रस्सा आज आठ हाय," ते म्हणाले.

सानिका त्या आकड्यांकडे बघत उभी होती. रश्श्याचा तवंग रेक्झिनवर वाळत होता. तिने मोबाइल काढला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत सहा पॉइंट ब्याण्णव भरला. लाल अक्षरं आली. फॉर्म पुढे गेलाच नाही. बापाने हात डोक्याला लावला. मला त्या घटकेला सगळ्यांची शिसारी आली. बोर्ड लावणाऱ्यांची, आकडा काढणाऱ्याची, आणि ज्या नातीला मी भरवून वाढवली तिच्या ताठपणाचीही.

आमच्याच खानावळीतल्या एका पोराने मुंडकी मोजून काढलेला पॉइंटर भरला. त्याला नोकरी लागली. वर्ष संपेपर्यंत त्याचे खरोखरचे सात झाले, त्यामुळे कोणी विचारलंही नाही. तो पेढे घेऊन आला. दाजींनी दोन उचलले. मी म्हटलं, "लाज न्हाय वाटत?" तर म्हणाले, "पेढ्यानं काय केलंय?"

दिलीपने बोर्ड उतरवून मागच्या परड्यात जळणावर टाकला. अजून तिथेच आहे. लाकूड काढायला गेले की नातीचं तोंड दिसतं, हसरं. "उद्यापासनं काकांचं ताट लावू नगंस," असं त्याने मला बजावलं. मी म्हटलं, "खानावळ माझी हाय. कुणाला वाढायचं ते मी बघीन." मी ताट लावत राहिले, पण आपटून. दाजींना आपटल्याचं काही वाटायचं नाही. वाटी कलंडली तर तेवढ्यात गणित सुरू करायचे.

सानिका मात्र बापाशी बोलेना आणि दाजींच्या टेबलाला जाऊन बसायला लागली. दुपारची पंगत उठली की दोघं तिथेच. "पुण्याची गाडी गेली, जाऊ दे," दाजी म्हणायचे. "दुसऱ्या येतील. उरलेल्या दोन सेमिस्टरला सव्वासाताच्या थोडं वर पाड, सगळी धरून सात हुतील." कुठल्या विषयाला किती वजन ते त्यांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं. ती एका कसल्याशा दोन क्रेडिटच्या विषयाची वही रंगीत पेनांनी सजवत बसली होती, तर म्हणाले, "कांदा चिरत बसलीस व्हय? रस्सा करपतोय तिकडं." पोरगी मोठ्याने हसली. बोर्ड उतरल्यापासून ती घरात हसली नव्हती. मी भांडी घासत होते, घासत राहिले.

तिची शेवटची परीक्षा चालू असतानाच दाजी पडले. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात मी डबा घेऊन जायचे, कारण तिथल्या जेवणाला त्यांनी पहिल्याच दिवशी नर्सबाईंसमोर तीन पॉइंटर दिला होता. "डाळ तीन. भात तीन. हितं वजन धरा न्हायतर नगा धरू, उत्तर एकच," म्हणाले. नर्सबाई हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांचं नख तेवढं वाढलेलं होतं. मी नेलकटर मागून घेतला आणि ते कापलं. त्यांनी कापू दिलं, तेव्हाच मला समजलं की हा माणूस आता उठत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "चार क्रेडिटचा पेपर कसा गेला तिचा?" मी म्हटलं, "बरा गेला." "बरा म्हंजे किती?" म्हणाले. सानिका पुढचा पेपर देऊन आली तोवर ते गेले होते.

रडारड फारशी झाली नाही. रडायला त्यांचं होतं कोण? दिलीपने खांदा दिला, सगळं रीतसर केलं, ते मी त्याच्या नावावर धरते.

सानिकाला पुढे इचलकरंजीत एका सुताच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरचं काम लागलं. तिथे पॉइंटर कोणी विचारलाच नाही. सकाळी लवकर येशील का, एवढंच विचारलं. म्हणजे ज्या आकड्यासाठी घरात वर्षभर तोंडं फिरली होती, त्याचं मोल एवढंच. मला या सगळ्या प्रकाराचीच घाण वाटते.

पण निकाल लागला त्या दिवसाचं एक सांगून थांबते. निकाल आला तेव्हा दुपारची पंगत बसली होती, बुधवारची. मोबाइलवर नुसता शेवटच्या सेमिस्टरचा पॉइंटर दिसत होता, सगळ्यांचा मिळून अजून आला नव्हता. दिलीप पोरीच्या मानेवरून डोकावत होता. "झाले का गं सात?" वही आणायला म्हणून ती उठली, मग परत बसली. तिच्यापुढे रश्श्याची वाटी होती. तिने बोट बुडवलं.

रेक्झिनवर तांबडे आकडे उतरायला लागले. पोरं जेवायची थांबली. मी काउंटरमागून फडकं घेऊन निघाले होते, तशीच उभी राहिले.

"सहा पॉइंट अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली.

"सातच झाले की!" दिलीप म्हणाला. "दोनासाठी काय अडतंय? सात म्हणायचं."

"न्हाय पप्पा. सहा अठ्ठ्याण्णव."

तिने बोट चाटलं. माझ्या अंगावर काटा आला, किळसेने. मी पुढे झाले, फडकं टेबलावर ठेवलं, पण पुसलं नाही.

"क्रेडिट धरलीस काय?" मी विचारलं.

"धरली, आज्जी."

मग मी पुसलं.