पाहिल्याची तारीख

एकेचाळीस लिंकपैकी अकरा उघडत नव्हत्या. परीक्षकांनी प्रत्येकीपुढे फुली मारली होती. अकराव्या फुलीपाशी एक ओळ होती : ‘नमूद तारखेला ही साइट अस्तित्वात नव्हती. खुलासा करावा.’

तो कागद घेऊन बालाजी सर निलंग्याहून सकाळच्या एसटीने नांदेडला आले होते. ते शाळेत मराठी शिकवतात. अर्धापूरकडच्या केळीबागांतल्या शब्दांवर त्यांनी पीएचडीचा प्रबंध लिहिला. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. संदर्भसूची तपासून देणं माझ्या कामातच येतं.

“मॅडम, लई बेकार झालं,” ते म्हणाले. “लातूरचे गाइड सर सांगून राहिले, खुलासा पटला न्हाई तर प्रबंध परत. सात वर्षं गेलीत त्यात.”

“आधी बसा. पाणी घ्या.”

लिंक बंद पडते ती बहुधा दोन कारणांनी. एक तर पान जागेवरून हललेलं असतं. साइट नव्याने बांधली की जुने पत्ते चालत नाहीत, पण मजकूर असतो. लेखाचं पूर्ण शीर्षक टाकून शोधलं की तो नव्या पत्त्यावर सापडतो. तशा सहा निघाल्या. दुसरं, साइटच बंद झालेली असते. मग जुन्या पानांच्या नकला साठवणारी संग्रहस्थळं पाहायची. तिथे चार मिळाल्या. दुपारच्या डब्यापर्यंत दहा फुल्या मिटल्या.

अकरावी साइट माझ्या यजमानांची होती.

बालाजी सरांना ते माहीत होतं. म्हणून ते सकाळपासून त्या ओळीवर बोट ठेवत नव्हते. यजमान अर्धापूरला शिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी बागांतून हिंडून त्यांनी शब्द जमवले आणि साइटवर टाकले. साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, दरवर्षी नूतनीकरण करून घ्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आठवणीचे मेल त्यांच्या खात्यावर येत राहिले असणार. मी ते खातं उघडलं नाही. पत्ता गेला.

“सर, ही तारीख मागच्या जूनची आहे. तेव्हा तुम्ही हे पान पाहणं शक्य नाही.”

“न्हाईच पाहिलं. आधीच पाहिलं होतं, सर असताना.”

“मग?”

“सगळ्या एकेचाळिसांपुढं एकच तारीख टाकली. शाळेत तपासणी आली की आम्ही तसंच करतो ना. फाइल कशी एकसारखी दिसते.”

“खऱ्या तारखा?”

“वहीत होत्या. टायपिंग झाल्यावर वही रद्दीत दिली.”

ऑनलाइन संदर्भापुढे पाहिल्याची तारीख लिहितात, ती याचसाठी. पान उद्या बदलेल किंवा जाईल. मी अमुक दिवशी ते असं पाहिलं, एवढीच ती साक्ष असते. बालाजी सरांनी खोटं काही रचलं नव्हतं. साक्ष मात्र खोटी दिली होती.

संग्रहस्थळावर यजमानांच्या साइटचं फक्त पहिलं पान सापडलं. त्यावरून साइट होती एवढं ठरत होतं. सरांनी आतल्या याद्या वाचल्या होत्या, हे ठरत नव्हतं.

“तुम्ही त्यांना कधी काही लिहिलं होतं?”

“हाव. शब्द वापरायची परवानगी मागितली होती. उत्तर बी आलं होतं. पण माझं ते खातं बंद पडलं.” मग खाली बघत म्हणाले, “सरांच्या खात्यात असंल. तुम्हाला कसं म्हणावं, मॅडम.”

पासवर्ड शोधावा लागला नाही. त्यांच्या शब्दांच्या वहीच्या पहिल्याच पानावर तो लिहिलेला आहे. वही दोन वर्षं माझ्याच टेबलाच्या खणात होती.

खातं उघडलं. नूतनीकरणाची सहा पत्रं, सगळी न वाचलेली. त्यांच्या बरंच खाली बालाजी सरांचं पत्र. त्यात मुनव्यांविषयी, म्हणजे केळीच्या बुंध्यापाशी फुटणाऱ्या पिलांविषयी, याद्यांमधले नऊ शब्द उतरवून शंका विचारल्या होत्या. खाली यजमानांचं उत्तर :

‘खुशाल वापरा. ज्या बागवानाने शब्द दिला त्याचं नाव द्या, माझं नाही दिलं तरी चालेल. पानं मात्र छापून ठेवा. घड उतरला की खोड कापतात, साइटचंही तसंच.’

“छापली होती का?” मी विचारलं.

“न्हाई मॅडम,” बालाजी सर म्हणाले.

दोन्ही पत्रं तारखांसह छापली. वही स्कॅन करून कॉलेजच्या संग्रहात ठेवली. खुलाशात दोन गोष्टी लिहिल्या : तारखा एकसारख्या केल्या ही संशोधकाची चूक, साइट बंद पडली ती माझ्या हयगयीने. दुसरं वाक्य बालाजी सर काढायला सांगत होते. ते मी ठेवलं.

सूचीतल्या तारखा दुरुस्त करायला सांगून परीक्षकांनी खुलासा स्वीकारला. तोंडी परीक्षा झाली. पेढे घेऊन बालाजी सर आले तेव्हा त्यांच्या पिशवीत बाकीच्या चाळीस लिंकची छापील चळत होती, प्रत्येकीवर ती पुन्हा वाचल्या दिवसाची तारीख.

तेव्हापासून संशोधकांना मी एकच सांगते : पान वाचलं त्याच दिवशी छापा, आणि त्याच दिवसाची तारीख टाका. यजमानांचं ते उत्तर मी छापून त्यांच्या वहीत ठेवलं आहे. खाली वाचल्याची तारीख टाकली आहे. उशिराची आहे, पण खरी आहे.