पेंढ्यातल्या बाळाचं बारसं

आमच्या शाळेत नाताळ शिकवायला एक तास मिळतो आणि साजरा करायला अख्खा दिवस. वडपे गावच्या गोदामांना लागून असलेली ही इंग्रजी माध्यमाची शाळा ज्यांच्या जमिनीवर उभी आहे, त्या शेठना सण आवडतात. कुठला, हा प्रश्न दुय्यम. त्या वर्षी फाटकावरच्या फ्लेक्सवर शेठ होते, शेठचे दोन मुलगे होते, सांताक्लॉज होता आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, ज्याचा वाढदिवस होता तो.

मी पहिलीची वर्गशिक्षिका. सांता उघड्या टेम्पोतून डीजे लावून येणार होता, तेव्हा निदान गोष्ट तरी नीट सांगावी असं मी ठरवलं. जनगणनेसाठी आपल्या गावी निघालेलं जोडपं मला विशेष जवळचं वाटलं. ती ड्युटी आम्हा शिक्षकांनाच लागते. बाईचे दिवस भरलेले, राहायला कुठेच जागा नाही, शेवटी एक गोठा.

"एवढी गोदामं असून?" एका पोराने विचारलं.

"तेव्हा नव्हती," मी म्हटलं.

गोदामातून आलेलं एक मोठं खोकं आडवं केलं, त्यात भाताचा पेंढा पसरला आणि वर बाहुली ठेवली. इथवर माझं काम. पुढचं पोरांनी हातात घेतलं. मेंढपाळ आणि वाट दाखवणारा तारा त्यांच्या ओळखीचे नव्हते, पण घरात आलेलं बाळ प्रत्येकाने पाहिलं होतं. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, असा नियम झाला. गालावर स्केचपेनने तीट लागली. बाळाला काही बाधू नये, उशाखाली लोखंड हवं म्हणून हस्तकलेची कात्री पेंढ्यात गेली. मग मी फळ्यावर 'येशू' लिहिलं आणि वर्ग उसळला.

"टीचर, नाव आत्ताच?"

"बारशाबिगर नाव न्हाय ठेवत!"

"बारसं बाराव्या दिवशी असतं," पहिल्या बाकावरच्या मुलीने मला समजावून सांगितलं. "आणि नाव आत्या सांगते. कानात. मी आत्या."

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, बरं, बाराव्या दिवशी करू, तोवर बाळ इथेच राहील. फळ्यावरचं नाव पुसलं. तास संपवायला माणूस काय काय कबूल करतो.

नाताळची चार दिवसांची सुट्टी संपली त्या सकाळी पहिल्या बाकावरच्या या मुलीची आजी मला फाटकाशी भेटली.

"बाई, पोरीकडं जरा बघा. हिची आई ठान्याला दवाखान्यात हाय. दिवस भरायच्या आधीच झाला. मुलगा. काचेच्या पेटीत ठेवलाय. ही बघायला मागते, पन पोरांना आत सोडत न्हायत."

"कधी झाला?"

"तुमचा नाताळ झाला ना शाळेत, त्याच दिवशी."

माझा नाताळ. वर्गात गेले तर मुलगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून खोक्यापाशी उभी होती.

त्यानंतर रोज ती आधी तिथे जायची, बाहुली जागेवर आहे ना बघायची, मगच बाकावर बसायची. एकदा तिने विचारलं, "टीचर, पेटीतल्या बाळाचं बारसं पन बाराव्या दिवशीच असतं?"

मी बरंच वाचलेलं आहे. त्यातलं काही कामाला आलं नाही. "बहुतेक," मी म्हटलं, आणि त्या एका शब्दाने माझी झोप उडाली. तिला पाच मिनिटं उशीर झाला तरी हजेरी घेताना माझी नजर फाटकावर जाई. शकुन-अपशकुन न मानणारी मी, शाळा सुटल्यावर स्टॉपवरून परत येऊन बघत असे, की झाडणाऱ्या मावशींनी खोकं उचललं तर नाही.

मावशींनी नाही, शेठनीच विषय काढला. "टीचर, नाताळ संपला. गवत काढा, उंदीर होतील. लोकं पण विचारतात, अजून कशाला ठेवलंय."

"बारसं राहिलंय, शेठ."

ते खोक्यापाशी वाकले. बाहुलीच्या गालावरची तीट त्यांनी निरखून पाहिली. मी लांबलचक युक्तिवाद तयार ठेवला होता, तो वाया गेला.

"मग कसं काढणार?" ते म्हणाले. आणि दारातून वळून, "पेढे माझ्याकडून. फोटोवाला पण पाठवतो."

बाराव्या दिवशी वर्गात बाहुलीसाठी फुगे लावलेला पाळणा होता, फोटोवाला होता आणि 'नामकरण सोहळा' असा नवा फ्लेक्स होता. शेठ, दोन मुलगे. आत्या नव्हती.

अर्धा तास गेला. शेठना गोदामाचा गाळा भाड्याने बघायला येणाऱ्या कंपनीवाल्यांना भेटायचं होतं. "दुसरी कोणीतरी आत्या करा ना."

"आत्या बदलत न्हायत," मागच्या बाकावरून उत्तर आलं. शेठ परत खुर्चीत बसले. दोनदा मी व्हरांड्यात जाऊन आले.

ती आजीचा हात धरून आली. मी आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

"हाय," आजी म्हणाली. "पेटीतच हाय. काल दूध पचलं न्हाय."

मुलीने हात धुतले. पाळण्यापाशी गेली. फोटोवाला वाकला.

"आज नको," ती म्हणाली.

"का गं?"

"आमचं न्हाय झालं. याचं पन थांबू दे."

"चालतं," आजी दारातून म्हणाली. "सव्वा महिन्यानं पन करतात."

शेठनी फ्लेक्सकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं, मग पेढ्यांचा डबा शिपायाच्या हातात दिला. "फ्रीजमध्ये ठेव," ते म्हणाले. त्यांच्याबद्दलची माझी काही मतं मला त्या दिवशी दुरुस्त करावी लागली. सगळी नाही.

बाळ जानेवारीच्या अखेरीस घरी आलं. "वजन भरत न्हाय अजून," आजीने सांगितलं, "पन रडतो झकास." वर्गातलं बारसं झालं त्या दिवशी शेठ गावाला होते, फोटोवाला नव्हता, पेढे कधीच संपले होते. आजीने डबाभर घुगऱ्या आणल्या होत्या. मुलगी बाहुलीच्या कानाशी वाकली, मग सरळ उभी राहून वर्गाला म्हणाली, "येशू. आमच्याचं नाव घरी ठरतंय."

मी फळ्यावर नाव लिहिलं. मग पेंढा आवरायला घेतला आणि कात्रीकडे हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे, टीचर. लहान हाय अजून."