घड्याचं झाड आणि मासळीचं पाणी

घिवलीच्या कोळीवाड्यात येसूबाईच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. दारचा नारळ, मोगरा, कढीपत्ता, सगळं तिनं मासळी धुतलेल्या पाण्यावर पोसलं. "माशाचं पानी म्हंजे झाडाचं जेवन," हे तिचं ठरलेलं बोलणं. आणि त्याच हातानं तिनं लेकीचं झाड मारलं.

लेक म्हणजे हेमाली, एकुलती एक, बोईसरच्या एका कारखान्यात कामाला. तिथल्याच परजातीच्या मुलाशी लग्न करून ती सिल्वासाला निघाली, तेव्हा महादू, येसूबाईचा नवरा, गरजला, "या घराचा उंबरा पुन्ना चढू नको!" येसूबाई दारातच उभी होती. तिनं चकार शब्द काढला नाही. पोरीनं बापाकडे बघितलंच नाही, आईकडे बघितलं आणि गेली. पुढच्या वर्षी महादू वारला. त्याच्या दहाव्यालाही हेमाली आली नाही.

मागे राहिलं ते तिनं खिडकीत टांगलेलं झाड, घटपर्णी. पानाच्या टोकाला दोरी लोंबते, दोरीला झाकणाचा इवलासा घडा लागतो, आणि त्यात पडलेल्या मुंग्या-माश्या झाड पचवतं. येसूबाई त्याला घड्याचं झाड म्हणे. हेमाली महिन्यातून एकदा फोन करी, तोही या झाडासाठी. आईच्या गुडघ्यांची चौकशी नाही, की 'जेवलीस का' नाही. "उजेडात हाय ना? कडक ऊन नको. पावसाचं साठवलेलं पानीच घाल, बोअरचं नको. खत तर अजिबात नको. घडा आला की सांग."

घडा आला की सांग! या चार शब्दांवर येसूबाईनं केवढे इमले बांधले. घडा आला की पोर बघायला येणार, चहा घेणार, मग बोलता येणार. त्या दिवशी मी गप्प बसले, चुकलं माझं, एवढंच तर सांगायचं होतं.

पण घडा काही येईना. दोरीच्या टोकाला फुगवटा धरायचा, दोन दिवसांत काळा पडून सुकायचा. तिनं निळ्या कॅनमधलं पावसाचं पाणी मापानं घातलं, पानांवर शिंपडलं, खिडकी बदलून पाहिली. शेवटी तिचा धीर सुटला.

"नुसत्या पावसाच्या पान्यावर कोन जगतं गं?" ती शेजारच्या सुलूला म्हणाली. "किडे खातं ना ह्ये? मग मासळीनं काय घोडं मारलंय?"

"पोरगी नको म्हनते ना पन?"

"पोरगी शिकलेली हाय. झाडं मी वाढवलीत."

झालं! रोज बांगडे धुतलेलं पाणी कुंडीत, वर चिमूटभर सुक्या जवळ्याची पूड. आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या. तशी बाई घाबरली, कॅनमधलं उरलंसुरलं पाणी तिनं कुंडीत ओतलं. पण मीठ मुळांना लागलं ते लागलंच. खोड मऊ पडलं, कुंडीला घाण वास सुटला. येसूबाई खिडकीखाली बसून पोटभर रडली. महादू गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

त्याच आठवड्यात फोन वाजला.

"आई, झाड कसं हाय?"

"झ्याक हाय!" येसूबाईच्या तोंडून निघूनच गेलं. "तीन घडे लागलेत, लालेलाल. ये ना गं बघायला."

पलीकडे हेमाली हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. "बरं झालं गं बाय. मागल्या वेळी घडे काळे पडतात म्हनालीस, मला वाटलं मरतंय. रविवारी गाडी करून न्यायलाच येनार होते. आता नको. तिथं रुळलंय, हलवलं तर घडे गळतील. तुझ्याकडंच राहू दे."

मेलं गं ते, मीच मारलं, तू ये! अगदी ओठांवर आलं होतं. पण 'तूच मारलंस' हे लेकीच्या तोंडून ऐकायची येसूबाईची छाती झाली नाही.

"हां," ती म्हणाली. "राहू दे."

पुढच्या महिन्यात फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. येसूबाई बाजारातून आली की आधी मोबाईल बघते, मग वाळक्या काड्यांच्या त्या कुंडीकडे. झाड बरं आहे म्हटल्यावर पोर कशाला फोन करील?