पर्समध्ये राहिलेला देव

मला राग लवकर येतो. घरात दोघंच असल्यामुळे तो कुणावर काढायचा हा प्रश्न पडत नाही. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, आवाज अजून शाबूत आहे. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी स्वयंपाकघरात बोलले की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला कळतं, आज आमच्याकडे भाजी कशाची आहे.

हे औशाचे. नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांना माणसं लागत होती, त्यात हे बदलून लातूरला आले आणि पाठोपाठ मीही शाळा बदलून घेतली. कचेरीत तेव्हा फायली जास्त आणि टेबलं कमी होती. हे फरशीवर बसून लिहायचे आणि संध्याकाळी पाठ धरून घरी यायचे. पण सकाळी कितीही घाई असली तरी आंघोळ झाली की ह्यांची पूजा व्हायचीच. आम्ही लिंगायत. आमचा देव गळ्यातच असतो, चांदीच्या डबीत, शिवदोऱ्याला बांधलेला. लहानपणी गुरूंनी दिलेलं इष्टलिंग, ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पळीभर पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. हे झाल्याशिवाय ह्यांच्या पोटात चहाचा घोटही जात नाही. या सगळ्याला ह्यांना चाळीस मिनिटं लागतात, मला दोन. माझ्याही गळ्यात लिंग आहे, पण माझ्या पूजेच्या वेळी कुकर असतो, दूधवाला असतो, आणि पूर्वी तर सकाळची शाळा असायची. "तुमचा देव रिटायर झालाय, माझा अजून नोकरीला आहे," असं मी म्हणायचे. हे गालात हसायचे, पण नजर तळहातावरून हलवायचे नाहीत.

साथ आली तेव्हा हे बहात्तरचे होते, मी सहासष्टची. ह्यांना शुगर, मला बीपी. टीव्हीवर उठता-बसता सांगायचे, साठीच्या पुढच्यांना जपा. मुलगा पुण्यात अडकलेला. तो रोज फोनवरून दम द्यायचा, "फाटकाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही." आम्ही नाही टाकलं. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाची पिशवी साबणात, आणि बाहेरून आलेली बाकी प्रत्येक वस्तू तीन दिवस गच्चीच्या जिन्यात, मगच घरात. हा नियम माझा होता आणि तो मी शाळेतल्यासारखा पाळायला लावला होता. हे गच्चीवर फेऱ्या मारायचे, बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावून ऑक्सिजन बघायचे. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे विषय तेवढेच उरले होते. गोळ्या मिळाल्या का, घसा कसा आहे, आणि दवाखान्यात नेलं तर माणूस परत येतं का. शेजारच्या काकू रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून विचारायच्या, "बाई, खोकला न्हाई नं?"

"न्हाई काकू. तुम्हाला?"

"मला बी न्हाई."

एवढं बोलून झालं की दोघींचा दिवस सुरू व्हायचा.

मग ह्यांनी नळ सोडायला सुरुवात केली.

यात घाबरण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी हा माणूस परातीत उभं राहून एका तांब्यात आंघोळ करत होता. परातीतलं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. देवालासुद्धा पळीच्या वर थेंब मिळाला नाही. पुढे पाऊस झाला, नळाला आठवड्यानं का होईना पाणी येऊ लागलं, पण ह्यांचा हात काही सैल झाला नाही. असा माणूस भरदिवसा न्हाणीघरात जातो, दार लावतो आणि नळ सोडून ठेवतो? पहिल्या दिवशी मला वाटलं, तोटी बिघडली असेल. दुसऱ्या दिवशी दाराला कान लावला. पाण्याच्या आवाजाखाली खोकला होता.

"बाहेर या," मी म्हटलं.

हे तोंड पुसत आले. "ठसका लागला गं."

"ठसक्याला बादलीभर पाणी लागत नाही."

मला फार राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. यंत्र लावून पाहिलं तर आकडा रोजच्यापेक्षा बराच खाली. तशीच रिक्षा बोलावली आणि ह्यांना छातीच्या स्कॅनला घेऊन गेले.

तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये गुंडाळलेला एक माणूस होता. "अंगावरचं धातूचं सगळं काढा," तो म्हणाला. ह्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली आणि डबीवर हात ठेवून उभे राहिले.

"हे निघत न्हाई."

"काढावं लागतं आजोबा. मागं रांग हाय."

रांग खरंच होती. सगळे आमच्याच वयाचे, कुणी भिंतीला टेकलेले, कुणी जमिनीवर बसलेले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काढा हो," मी म्हणाले, "देवाच्या छातीचा फोटो काढायचा नाहीये." तरी हे हलेनात, तेव्हा मीच त्यांच्या मानेवरून शिवदोरा ओढून काढला, डबी माझ्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या गळ्यातून लहानपणापासून असलेलं लिंग मी असं काढून घेतलं. त्या क्षणी मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. रांग पुढे सरकली, एवढंच वाटलं.

स्कॅन बघून डॉक्टरांनी तिथूनच दवाखान्यात पाठवलं. अँब्युलन्स दारात आली, हे चढले, मला चढू दिलं नाही. मी हातातल्या पिशवीतून चष्मा, फोन, रुमाल, शुगरच्या गोळ्या एकेक करून त्यांच्या हातात कोंबल्या. सगळं आठवून आठवून दिलं. गाडी गेली.

घरी आले, नियमाप्रमाणे पर्स गच्चीच्या जिन्यात ठेवली आणि अंगावरून पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी मलाही ताप आला. तपासणीत तेच निघालं. माझं दुखणं हलकं होतं म्हणून घरीच राहायला सांगितलं आणि महापालिकेचे लोक फाटकाला पट्टी बांधून गेले. काकू भिंतीवर डबा ठेवायच्या, चार पावलं मागे सरकायच्या आणि ओरडायच्या, "वरण पातळ केलंय, नुसतं पी बाई!"

ह्यांचा फोन साधा, आकड्यांचा. मी विचारायचे, "जेवलात?"

"हाव की. जेवलो."

"काय होतं?"

"वरण-भात."

माझं डोकं तापात होतं, नाहीतर हा माणूस सकाळी आठ वाजतासुद्धा वरण-भात सांगतोय हे माझ्या लक्षात आलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. वॉर्डातली सिस्टर होती. नंतर कळलं, ती किनवटकडची, इस्लापूरची. "आजी, आजोबा काहीच जेवून नाही राहिले," ती म्हणाली. "आल्यापासून ताट झाकून ठेवतात. गोळीपुरतं पाणी पितात फक्त. काल शुगर लई खाली गेली, सलाइनमधून द्यावं लागलं. असं चाललं तर कसं व्हायचं? घरचं काय आवडतं त्यांना? मी विचारलं तर नुसतं हसून राहिले."

मी विचार करू लागले. ज्वारीची भाकरी आवडते, दोडक्याची भाजी आवडते, सकाळी पूजा झाल्यावर कमी साखरेचा चहा आवडतो. आणि पूजा हा शब्द मनात आला तशी मी उठले आणि भिंतीला धरत जिन्याकडे गेले.

पर्स तिथेच होती. माझ्या नियमाचे तीन दिवस त्याच सकाळी पुरे होत होते. देवाला मी क्वारंटाईनमध्ये ठेवलं होतं.

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि डबी पदरात धरून रडले. हे उपाशीपोटी शुगर उतरून जातील, ही भीती तर होतीच. पण दुसरी एक भीती त्याहून वाईट होती. आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवून माती देतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात ठेवतात. जन्मभर ज्या तळहातावर ते रोज बसलं, त्याच तळहातावर. त्या दिवसांत दवाखान्यातून गेलेल्या माणसाला घरच्यांचा हातसुद्धा लागत नव्हता. हे तसे गेले असते तर मोकळ्या हातानं गेले असते, आणि तो हात मी मोकळा केला होता.

सिस्टरला उलट फोन लावला. आत बाहेरची वस्तू येऊ देत नव्हते, आणि पट्टी लागलेल्या घरातली तर नाहीच. मी तिला वर्गात समजावून सांगावं तसं सगळं सांगितलं: लिंग काय, पूजा काय, हे का जेवत नाहीत. ती आमच्यातली नव्हती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आजी, व्हिडिओवर दाखवता का? माझा फोन प्लास्टिकच्या पिशवीत हाय. मी धरते त्यांच्यासमोर."

दुसऱ्याचं लिंग आपल्या हातावर घेऊन पूजा करत नाहीत. आमच्या स्वामींना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी विचारलंच नाही. ताप अंगात असताना आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले, कपाळाला विभूती लावली आणि तुरीच्या डाळीच्या डब्याला फोन टेकवून बसले.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग हे. दाढी वाढलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, गाल आत गेलेले. तीन दिवसांत माणूस एवढा उतरतो हे मला माहीत नव्हतं. मी डबी उघडली आणि त्यांचं लिंग माझ्या डाव्या तळहातावर घेतलं. हे बघत राहिले. मग सलाइनची सुई टोचलेला डावा हात त्यांनी पांघरुणातून सावकाश बाहेर काढला आणि तळवा वर करून छातीसमोर धरला.

गडबडीत पळी घ्यायची राहिली होती, म्हणून तांब्यानंच पाणी घातलं. ते भसकन पडलं आणि कोपरापर्यंत ओघळलं.

मास्कमधून आवाज आला, अडखळत. "पळीभर... पळीभरच घाल गं. रेल्वेनं आलेलं पाणी हाय ते."

सिस्टरला काही कळलं नाही. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्याला पळीचं माप नव्हतं. बेल कुठून आणणार, अंगणातली जास्वंद वाहिली. मग मी नेहमीप्रमाणे आटोपायला निघाले, तर ह्यांची नजर माझ्या तळहातावरून हलेना. मीही हलले नाही. सिस्टर त्या प्लास्टिकच्या कपड्यांत घामाघूम होत तेवढा वेळ फोन धरून उभी होती. तिचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही.

"आजोबा, आता उपीट?" तिनं विचारलं. ह्यांनी मान हलवली. "एक चमचा खाल्ला आजी. दोन. तीन. चार." चवथ्यानंतर मान फिरवली, पण चार चमचे गेले.

पुढे रोज सकाळी आमची अशी पूजा चालली. तिची ड्युटी बदलली तेव्हा तिनं दुसऱ्या सिस्टरला शिकवून ठेवलं. हळूहळू अर्धी वाटी जाऊ लागली, मग वाटीभर. एक दिवस ह्यांनी "उपीट आळणी हाय" अशी तक्रार केली, तेव्हा माझी खात्री झाली की आता माणूस घरी येतंय.

आले तेव्हा माझीही पट्टी निघाली होती. मी फाटकाशी उभी. हे आत येऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले, दम खाल्ला, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मान वाकवली. मी शिवदोरा त्यांच्या गळ्यात घातला.

"मीच काढून घेतलं होतं," मी म्हणाले. "आणि द्यायला विसरले. माझं चुकलं." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी फारसं वापरलेलं नाही.

"ठाऊक हाय की मला. गाडी वळायच्या आत ध्यानात आलं होतं."

"मग सांगितलं का नाही? उपाशी मरत होतात ना तिथे!"

"सांगितलं असतं तर तशीच तापात निघाली असतीस दवाखान्याच्या दारापर्यंत. तुला वळखत न्हाई का मी?"

त्यावर मी जी बोलायला लागले, ते दुकानापर्यंत नक्की गेलं असणार. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "आलं वाटतं माणूस घरी!"

दुसऱ्या दिवशी हे आंघोळ करून पूजेला बसले. मी डाळीचा कुकर चढवून, माझी दोन मिनिटांची पूजा उरकून कांदा चिरत होते. तेवढ्यात हाक आली, "अगं, ये जरा."

धाप लागली असेल म्हणून मी सुरी टाकून धावले. हे पाटावर बसलेले होते, लिंग तळहातावर, आणि हात असा कापत होता की ते कधी निसटेल सांगता येत नव्हतं.

"हात दे," हे म्हणाले. "एकट्याच्यानं राहत न्हाई."

मी समोर बसले आणि त्यांच्या तळहाताखाली माझा तळहात धरला. कापणं कमी झालं. ह्यांनी उजव्या हातानं पाणी घातलं, पळीभरच, आणि ते त्यांच्या बोटांमधून माझ्या हातावर उतरलं. आत कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, मग मोजायची राहिली. डाळ लागल्याचा वास घरभर पसरला. मी उठले नाही.