ज्याचा ओटा त्याचा नियम

कुणी उगाचच गोड वागायला लागलं की मला संशय येतो. ‘घे गो, अजून घे’ म्हणालं की मी आधी मनात विचारते, याच्या पोटात काय आहे? ही खोड मला रोह्यात लागली, आणि तीही कार्डांच्या खेळात.

नव्वदच्या दशकात आम्हा पोरांना पैलवानांच्या कार्डांचं वेड होतं. प्रत्येक कार्डावर एक उघडाबंब पैलवान आणि खाली त्याचा क्रमांक, उंची, वजन, छाती. एकाने पुकारायचं, ‘वजन!’ ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं, ते कायमचं. ऐकायला सोपं आहे, पण छापणाऱ्याने घोळ घालून ठेवला होता. उंची कुठे ६.९ छापलेली, कुठे ६.१०. आता मोठी कुठली? पेणला आमच्या रामवाडीत हे फूट आणि इंच धरायचे, म्हणजे ६.१० मोठी. रोह्याचा माझा मावसभाऊ माझ्याहून थोडा मोठा, नुकताच दशांश अपूर्णांक शिकलेला. तो म्हणायचा, "नऊ दशांश मोठं. नाय पटत तर तुझ्या बाईंना इचार." मुकुटवाल्या कार्डावर लिहिलं होतं की हे कुठल्याही कार्डाला हरवतं. मग दोन मुकुट समोरासमोर आले तर? पाकिटातल्या चिठ्ठीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

म्हणून आमचा कायदा होता, ज्याचा ओटा त्याचा नियम. पेणला माझा, रोह्याला त्याचा. दर सुट्टीत मी डबा भरून कार्डं न्यायचे आणि रिकामा डबा मांडीवर घेऊन एसटीने परत यायचे. त्याचा नियम सकाळी एक, दुपारी दुसरा. पण ओटा त्याचा, त्यामुळे बोलायची सोय नाही.

त्या वर्षी मला सुट्टी लागताच रोह्याला धाडलं. आईचे दिवस भरत आले होते आणि बाबा डोलवीला कंपनीत, त्यांची शिफ्ट कधी कुठली याचा नेम नाही. येणाऱ्या बाळाचं मला फारसं अप्रूप नव्हतं. आमच्या आळीतली एक बाई बाळंतपणात गेली होती. मोठ्यांनी ते आमच्यापासून लपवलं होतं आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. मला आई धडधाकट हवी होती, बाकी काही नको.

सुरुवातीला भाऊ नेहमीसारखाच लबाडी करून मला लुटत होता. मग एका सकाळी शेजारच्यांकडे मावशीला फोन आला. ती परतली ती ओटीवर न येता सरळ मागीलदारी गेली आणि तोंड धुऊनच आत आली.

"कुणाचा फोन, मावशी?"

"कुनाचा नाय गो. राँग नंबर व्हता."

राँग नंबरशी कुणी इतका वेळ बोलतं का? दुपारी तिने दुधावरची सगळी साय माझ्या वाटीत घातली. एरवी सायीसाठी आकाशपाताळ एक करणारा भाऊ खाली मान घालून जेवत राहिला.

जेवणानंतर ओट्यावर डाव मांडला. मी ‘उंची’ पुकारलं. माझी ६.१०, त्याची ६.९. मी भांडायला पदर खोचल्यासारखी सरसावले, तर त्याने कार्ड गुपचूप माझ्याकडे सरकवलं.

"दशांशाचं काय?"

"ऱ्हाऊ दे दशांश."

पुढे दोन मुकुट समोरासमोर आले. तो म्हणाला, "पाहुनीचा मुकुट मोठा." असला नियम रोह्यात कधी कुणी ऐकला नव्हता. माझा डबा भरत चालला होता आणि मी दर कार्डामागे त्याचं तोंड न्याहाळत होते.

मग मी मुद्दाम त्याची परीक्षा घेतली. वजन पुकारलं आणि त्याचा पैलवान चांगला भारी निघाला. मी म्हटलं, "तुझा डावीकडे बघतोय. डावीकडे बघणारा हरतो." इतका बावळट नियम पेण-रोह्यातलं शेंबडं पोरसुद्धा मानणार नाही. त्याने कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच हाय."

स्वतःच्या ओट्यावर! मी हातातली कार्डं टाकून उभीच राहिले.

"माझ्या आईला काय झालंय?"

"मला काय म्हाईत?"

"मग भांड ना माझ्याशी! भांड!"

तो रडायलाच लागला. "आय बोलली, तिला हरवू नको."

आमचा आवाज ऐकून मावशी पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिने मला जवळ ओढलं. "बाळ आलं गो, पन ऱ्हायलं नाय. भाव व्हता तुला."

"आणि आई?"

"तुझी आय बरी हाय. देवाशपथ."

माझा विश्वास बसला नाही. याच तोंडाने सकाळी राँग नंबर सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी काका, म्हणजे मावशीचे यजमान, मला घेऊन पेणला निघाले. एसटीत बसण्याआधी त्यांनी न मागता लिमलेटच्या गोळ्या घेतल्या, वडखळला शेंगदाणे घेतले. प्रत्येक पुडीगणिक माझी भीती वाढत होती. आमच्या आळीत शिरलो तर आम्हा पोरांना कायम हुसकावणाऱ्या शेजारच्या काकू पुढे आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. तेव्हा मी आल्या वाटेने मागे फिरले. काकांनी मला हाताला धरून दारापर्यंत नेलं.

आई आत भिंतीला टेकून बसली होती, पांढरीफटक पडलेली. मी उंबऱ्यातच थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं.

"शेण तुडवून आलीस काय गो? आधी पाय धू, मग घरात ये!"

आवाज पार बसलेला होता, पण ओरडली. मी मागच्या दाराने मोरीत गेले, पाय धुतले आणि तिथेच बसून पोटभर रडले. आता मात्र मला पटलं होतं. आई बरी होती.