चार वाजेपर्यंतचा नकार

दुपारी एक चाळीसला ग्रेगचा फोन आला. ग्रेग म्हणजे आमच्या कन्सल्टन्सीचा मालक, माझा बॉस.

"मेधा, तुझ्या क्लायंटकडून काहीच आलेलं नाही. म्हणजे सगळं ओके ना?"

"ओकेच असणार," मी म्हणाले.

"गुड. चारला मुदत संपतेय. मग आजची आर्व्हो मोकळी, मेट." इथे दुपारला आर्व्हो म्हणतात.

कॅनबेरात लॉकडाउन होता. गुंगालिन या उपनगरातल्या आमच्या घरात मी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करत होते, कारण डायनिंग टेबल मुलीच्या ऑनलाइन शाळेनं बळकावलं होतं. मी आंतरराष्ट्रीय करारांचे मसुदे तपासणारी वकील. पुण्याहून शिकायला आले आणि इथलीच झाले. त्या वर्षी माझा क्लायंट होता पॅसिफिकमधला एक चिमुकला, नुकताच स्वतंत्र झालेला देश. नाव सांगत नाही. परराष्ट्र खात्यात मंत्री धरून सहा माणसं. त्यांच्या नव्याकोऱ्या राज्यघटनेत एक कलम होतं: आमच्या जमिनीवर आणि आमच्या पाण्यात अण्वस्त्रं येणार नाहीत. तेच कलम आसपासच्या देशांबरोबरच्या करारात नीट उतरवायचं, हे माझं काम.

एरवी असल्या मसुद्यांवर प्रतिनिधी एका खोलीत बसून भांडतात. कोविडमुळे खोल्या बंद होत्या. मग सगळं ‘सायलेन्स प्रोसिजर’वर चाललं होतं. म्हणजे मसुदा सगळ्या देशांना ईमेल करायचा आणि एक मुदत द्यायची. तोवर कुणाची लेखी हरकत आली नाही, तर तो सगळ्यांना मान्य आहे असं धरायचं. हरकत घेणं म्हणजे सायलेन्स ब्रेक करणं. आमच्या धंद्यात ही अगदी रोजची गोष्ट.

या वेळी एका मोठ्या देशानं मसुद्याच्या शेवटी एक वाक्य घुसवलं होतं: ‘आधीपासून अस्तित्वात असलेले करार अबाधित राहतील.’ दिसायला गरीब वाक्य. पण स्वातंत्र्याआधीच्या राज्यकर्त्यांनी त्याच मोठ्या देशाशी बंदराचा एक करार करून ठेवला होता. त्यांच्या युद्धनौकांनी केव्हाही यावं, आत काय आहे ते कुणी विचारू नये. ते वाक्य राहिलं असतं, तर घटनेतलं कलम कागदावर आणि अण्वस्त्रं बंदरात.

हे सगळं मी मंगळवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना समजावलं होतं, स्लाइड्स लावून. मंत्री होते, खात्याच्या सचिव मिसेस लेउआ होत्या, बाकीचे चौघंही होते. माझं बोलून झालं. कुणी काही बोललं नाही. मंत्र्यांनी मसुद्याचा कागद पालथा करून टेबलावर ठेवला. मिसेस लेउआ म्हणाल्या, "थँक यू, मेधा." कॉल संपला.

मला जरा वाईट वाटलं. पण त्यांच्या लसी त्याच मोठ्या देशाच्या विमानानं पुढच्या आठवड्यात यायच्या होत्या. म्हटलं, गिळलं असेल बिचाऱ्यांनी. मी ग्रेगला मेल टाकला: ‘क्लायंटची हरकत नाही.’

ग्रेगचा फोन ठेवल्यावर मी मिसेस लेउआंना फोन लावला, तो किरकोळ कामासाठी. करारावर देशाचं नाव पूर्ण लिहायचं की संक्षिप्त, एवढंच विचारायचं होतं.

"कुठल्या करारावर?" त्यांनी विचारलं.

"याच, मॅडम. चारला फायनल होतोय."

"पण आम्ही तर नाही म्हटलंय."

"कधी?"

"मंगळवारी. तू होतीस की."

त्या शांतपणे सांगत राहिल्या. "मंत्र्यांनी कागद पालथा ठेवला. आम्ही सगळे गप्प बसलो. आमच्याकडे मोठ्याच्या तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. याहून मोठा नकार तुमच्याकडे कसा देतात?"

दुसऱ्या स्लाइडवर मी ‘सायलेन्स प्रोसिजर’ असे दोन शब्द लिहिले होते आणि पुढे गेले होते. कोणत्या शहाण्या माणसाला माहीत नसेल, असं धरून. त्यांनी ते दोन शब्द वाचले आणि त्यांना बरं वाटलं होतं. चला, इथेही आपल्यासारखीच पद्धत आहे!

मी त्यांना खरा अर्थ सांगितला. दोन तासांत लेखी नकार गेला नाही, तर तुमचा होकार धरतील.

"मंत्री बोटीवर आहेत, लांबच्या बेटांवर गेलेत. फोन लागत नाही," त्या म्हणाल्या.

"सचिवांची सही चालते, मॅडम."

"चालते. पण आमच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर एक आहे, मेधा. आम्ही लेखी नाही म्हटलं आणि लसीचं विमान आलंच नाही, तर?"

मी म्हणाले, "निदान मुदत वाढवून मागू."

"मुदत मागणारा शेवटी हो म्हणतो. त्यांनाही ते ठाऊक आहे. मी कळवते." त्यांनी फोन ठेवला.

मी ग्रेगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझा मंगळवारचा मेल मी चेअरला फॉरवर्ड केलाय." चेअर म्हणजे ही सगळी प्रक्रिया चालवणारा राजदूत. "आणि ऐक. त्यांच्या वतीनं तू काही पाठवायचं नाहीस. तू ॲडव्हायजर आहेस, सरकार नाहीस."

त्याला हे सांगावं लागलं, कारण त्यांचं ईमेल अकाउंट मीच सेट करून दिलं होतं. पासवर्ड माझ्याकडे होता. अडीच वाजता मी लॉग-इनचं पान उघडलं आणि बंद केलं. तीनला पुन्हा उघडलं. पाठवलं तर नोकरी जाईल, कदाचित वकिलीचं लायसन्सही. आणि लस आली नाही, तर ती माझ्यामुळे. नाही पाठवलं तर एका अख्ख्या देशाचं बंदर माझ्या एका ओळीच्या मेलमुळे जाईल.

"आई, व्हाय इज यॉर टेबल शेकिंग?" मुलीनं कॅमेरा बंद करून विचारलं. माझा गुडघा हलत होता.

तीन चाळीसला फोन आला.

"माझे वडील अणुचाचण्यांच्या बेटावर साफसफाईला होते," मिसेस लेउआ म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही. "साहेबानं झाडू दिला, त्यांनी झाडलं. चाळिशीत गेले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मला निदान विचारलंय. मी एक वाक्य लिहिलंय, तपास."

वाक्य होतं: ‘आम्हाला हा मसुदा मान्य नाही.’

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"कारण द्यावं लागतं?"

"नाही."

"मग नको."

"मॅडम, मंगळवारी मी एक मेल पाठवला होता, त्यात..."

"ते नंतर. आत्ता मला बटण दाबू दे."

तीन एक्कावन्नला त्यांचा मेल सगळ्या देशांना गेला. चार वाजून पाच मिनिटांनी चेअरचं उत्तर आलं: सायलेन्स ब्रेक झाल्याची नोंद घेतली आहे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन छोट्या देशांनी लिहिलं की ते वाक्य त्यांनाही पटलं नव्हतं. काही महिन्यांनी ते काढलं गेलं. बंदर वाचलं.

लसीचं विमान मात्र ठरल्या दिवशी आलं नाही. कारण सांगितलं ‘तांत्रिक’. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, हे कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. रोज सकाळी चहाआधी मी त्यांच्या आरोग्य खात्याचं पान उघडायचे. रुग्ण शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचे. एकोणीस दिवसांनी विमान उतरलं. तोवर तिथे एकही रुग्ण सापडला नव्हता. हे नशीब, दुसरं काही नाही.

लस घेतल्यावर मिसेस लेउआंचा फोन आला. त्या दिवशी मी माझी चूक एकदाची त्यांच्या कानावर घातली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "या एकोणीस दिवसांत कुणी दगावलं असतं, तर गावानं मला एका शब्दानंही बोल लावला नसता. माझ्याशी बोलणंच बंद केलं असतं. जन्मभर."

ग्रेगनं माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही, आणि ते योग्यच होतं. आता मी दुसरीकडे आहे. मीटिंग संपताना प्रत्येकाला नावानिशी विचारते: हो की नाही? लोक वैतागतात. वैतागू देत. पण कुणी नाही म्हटलं, तर मी आणखी एक प्रश्न विचारते, जो तेव्हा मला सुचला नव्हता: या नकाराची किंमत तुमच्याकडे कोण मोजणार आहे?